ताईचा एमआरआय

ताई मशीनमध्ये आडवी होती आणि मी काचेपलीकडे पडद्यासमोर. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन झालं होतं. ते औषध रक्तातच राहायला हवं, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कुणालाही सहजासहजी आत सोडत नाहीत. ताईचं मात्र आत झिरपलं होतं. शरीराच्या राखणदार पेशी तिच्याच मेंदूवर उलटल्या होत्या आणि त्यांनी भिंती जिथे सैल केल्या, तिथे तिथे पडद्यावर पांढरे डाग उमटले. मला काहीच वाटलं नाही. उरलेल्या प्रतिमा काढल्या, मशीन बंद केलं.

आमच्या खोलीत एकच नियम आहे: मशीन चालवणाऱ्याने निदान बोलायचं नाही. पेशंट कितीही मागे लागू देत, मी तोंड शिवून बसतो.

ताई उठून बसली. "काय रे, कसं आहे?"

"डॉक्टर सांगतील."

"मी हलले तर नाही ना? नाहीतर ओरडशील."

"नाही गं. अगदी छान पडून राहिलीस."

चपलेत पाय घालता घालता ती थांबली.

"जन्मात कधी मला छान म्हणाला नाहीस," ती म्हणाली. "इतकं वाईट आहे?"