एचरस राजाचा लेंक

राजा एचरस अजून जिवंत होता, तरी बूचण नायकाचा वीरगळ कोरायला घेतला होता.

देवळामागच्या छपरीत पाथरवट कालोज काम करत होता. समोर शिळा उभी होती. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत दोन अप्सरा बूचणाला दंडाला धरून वर नेताहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाजवळ हात जोडून बसलेला. खरा बूचण बाजूच्या धोंड्यावर बसून गुडघे चोळत होता.

"नायक, मिशा जरा वर करा बघू."

"त्या आता वर राहत नाहीत."

"मग मी मनानेच करतो. आणि पोट?"

"पोटाचं काय?"

"काही नाही. अप्सरांना पेलायचंय, म्हणून विचारलं."

बूचण हसला. या पाथरवटाच्या बापाने बूचणाच्या कितीतरी सोबत्यांचे वीरगळ कोरले होते. ते सगळे लेंक होते. एचरस गादीवर बसला त्या दिवशी त्यांनी एका रांगेत उभं राहून ईश्वरापुढे शपथ घेतली होती, की राजा जाईल त्या दिवसाचा सूर्य मावळताना आम्ही पाहणार नाही. मग प्रत्येकाच्या डाव्या पायात चांदीचा तोडा अडकवला गेला. बाकीचे एकेका लढाईत पडले. बूचण तेवढा उरला. शपथ घेताना त्याला वाटलं होतं, आपणही असेच कुठेतरी राजाच्या आधी पडू. राजा म्हातारा होऊन खाटेवर खोकत राहील आणि तोवर आपलेही दात जातील, असं त्या वयात कुणाच्या मनात येणार?

"बाईंचा हात डाव्या अंगाला घेऊ ना?" कालोजाने विचारलं.

लेंकामागे त्याची बायकोही अग्नीत जायची. शिळेच्या कडेला तिचा बांगड्या भरलेला हात कोरायची रीत होती.

"थांब जरा. तिला अजून विचारलं नाही."

"हे विचारायचं असतं होय?" कालोजाने छिन्नी खाली ठेवली. "युवराज घाई करताहेत, नायक. पलीकडचा राजा गेला तेव्हा म्हणे त्याच्यामागे लेंकांची रांग लागली. एक हत्तीसुद्धा गेला."

"हत्तीला कुणी विचारलं होतं का?" बूचण म्हणाला आणि धोंड्यावर हात टेकून उठला.

घरी चागव्वे पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझा हात कोरणार आहेत म्हणे. कुठला, हा? याच्या बोटाला विळी लागलीय. तसाच कोरा म्हणावं."

"तुला कुणी सांगितलं?"

"साऱ्या गावाला ठाऊक आहे. शेजारणीने तर माझी हिरवी साडी आत्ताच मागून ठेवलीय."

बूचण तिच्याजवळ टेकला. "हे बघ, तुला यायचं नसेल तर..."

"तर काय? लेंकाची बायको मागे राहिली तर तिला विहिरीवर कोण उभं करतं? तुम्ही गेलात की मला यावंच लागणार. म्हणून विचारते, तुम्हाला जायचंय का?"

"शपथ आहे, चागव्वे."

"ती आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. जायचंय का?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. राजावर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण थकलेल्या माणसाला मरण सोपं वाटत असेल, असा त्याचा इतकी वर्षं समज होता. आता थकल्यावर कळत होतं, की त्याला नुसतं बसायचं होतं. पडवीत, ऊन पाठीवर घेत, कुणाच्याही मागे न जाता.

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

चागव्वेचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग हे मला सांगून काय होणार? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

सांगायची वेळ आलीच नाही. दुपारी तो राजाचे पाय चेपायला गेला, तेव्हा राजाच बोलला. एचरसाची खाट खिडकीशी होती. खिडकीतून त्याने बांधवलेलं तळं दिसायचं. वैद्याची गोळी नुकतीच पोटात गेलेली, त्यामुळे दुखणं दबलं होतं आणि डोकं अजून ठिकाणावर होतं.

"बूचा, सकाळी कवी येऊन प्रशस्ती वाचून गेला. मी म्हणे समुद्र पिऊन टाकला."

"आपण समुद्र पाहिलाय तरी का, देवा?"

"एकदा. नावेत बसलो आणि ओकलो. तूच पाठ चोळत होतास." राजाला हसू आलं आणि त्यातून खोकला. "नदीपलीकडची गावं जाळली, त्याचं मात्र त्याच्याकडे एक अक्षर नाही. सगळ्यात तेवढं तळं खरं आहे. त्यातही गाळ साचलाय."

बूचणाने दुसरी पोटरी दाबायला घेतली.

"तुझा वीरगळ घेतलाय म्हणे कोरायला."

"हो."

"कसा झालाय?"

"मिशा फार मोठ्या काढल्यात."

राजाने उशीवर मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जन्मभर माझ्यासाठी माणसं मेली, बूचा. प्रत्येक वेळी त्यांच्या घरी जाऊन दारात उभं राहायचं. बायका बघायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मी त्या बघण्याला कंटाळलोय. तू मरू नकोस."

"शपथेतून मोकळं करता येत नाही, देवा. ती ईश्वराला दिलीय."

"माहीत आहे मला. पण लेंकाला हाकलून देता येतं. अपराध केला तर तोडा निघतो, तोडा निघाला की शपथ संपली. लोक थुंकतील तुझ्यावर. चालेल?"

बूचणाचे हात थांबले. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट कमावली होती, आणि तीच द्यायची होती.

"अपराध कुठला करू?" त्याने विचारलं.

"चोरी?"

"माझ्या घरी येऊन बघा, कोण विश्वास ठेवेल?"

"मग राणीवशात..."

"देवा, माझ्याकडे बघा तरी."

दोघेही म्हातारे हसले. हसताना राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी ठरलं की बूचणाने राजाचा पांढरा घोडा शत्रूला विकला. तो घोडा कधीच म्हातारपणाने मेला होता, पण आता ते कुणाला आठवतंय?

"उद्या सभेत मीच बोलेन," राजा म्हणाला. "तू फक्त मान खाली घाल. युवराज बम्मा चिडेल. माझ्या मागे एकही लेंक नाही म्हटल्यावर त्याची शोभा जाते. चिडू दे."

दुसऱ्या दिवशी राजाला पालखीतून सभेत आणलं. युवराज बम्मरस उजव्या हाताला बसला. पुजारी, कवी, गावचे गौड-पाटील, सगळे जमले होते. बायका खांबांमागे दाटीवाटीने उभ्या होत्या, त्यांत चागव्वेही होती. बूचण पुढे जाऊन उभा राहिला.

राजाने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा प्रसन्न होता, पण नजर कुठेतरी लांब लागलेली. आज गोळी मोठी दिली होती.

"हा बूचा," राजा सावकाश म्हणाला. "याने मला पुरातून खांद्यावर आणलं. स्वतः उपाशी राहिला आणि मला भात दिला. याच्यासारखा माणूस नाही."

सभेत वाहवा झाली. बूचण वाट बघत राहिला. राजा पुढे बोलेना. तो नुसता गोड हसत होता.

"घोडा, देवा," बूचण हळूच म्हणाला.

"घोडा?" राजाने आठवून पाहिलं. "हो, हो. पांढरा. फार गुणी जनावर होतं."

बूचणाला कळून चुकलं. राजा सगळं विसरला होता.

"ऐकलंत?" बम्मरस उठून उभा राहिला. "असा लेंक माझ्या बापाबरोबर जाणार. त्या हत्तीचं कौतुक यापुढे कुणी आम्हाला सांगू नये. भटजी, माळ आणा."

पुजारी तबक घेऊन पुढे आला. एकदा सगळ्यांसमोर माळ गळ्यात पडली की मागे फिरायला वाट नव्हती. घोड्याचं आता आपणच सांगावं, असं बूचणाच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलंही. पण ते खोटं रचायला, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला अंगात बळ लागतं, आणि तेच उरलं नव्हतं.

"मला मरायचं नाही," तो म्हणाला.

पुजारी जागीच थांबला.

"काय म्हणालास?" बम्मरसाने विचारलं.

"देव गेल्यावर मला जगायचंय, युवराज. राहतील तेवढे दिवस. बायकोलाही जगू द्या. माझा तोडा काढून घ्या."

आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. मग एकच गलका झाला. "यासाठीच खाल्लंस का रे राजाचं अन्न?" मागून कुणीतरी ओरडलं. "मिशा उतरव आधी!" दुसरा म्हणाला. कवी वहाण काढून धावला आणि माणसांच्या गर्दीत अडकला. बूचणाने मान खाली घातली नाही. ती घालायची हे ठरलं होतं, पण ते दुसऱ्या गोष्टीसाठी.

"काय झालं?" राजाने विचारलं. "काय म्हणतोय तो?"

"आपल्या मागे येणार नाही म्हणतोय!" बम्मरस ओरडला. "भर सभेत!"

राजाने बूचणाकडे पाहिलं. गोंगाट आपोआप उतरला. त्या नजरेत कालचं काही होतं की नव्हतं, ते बूचणाला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

"मग घरी जा तू," राजा म्हणाला. रोज पाय चेपून झाल्यावर म्हणायचा, तसंच. "ऊन वाढलंय."

तोडा निघेना. घोटा सुजलेला होता. लोहाराला बोलवावं लागलं, आणि तो कानशीने घासत असताना सारी सभा उभी राहून बघत होती. कुणी थुंकलं, ते लोहाराच्याच हातावर पडलं. "माझ्यावर कशाला?" तो वैतागला. "मी तर मरायला नाही म्हटलेलं नाही." एरवी लोक हसले असते. बम्मरसाने हुकूम दिला की अंधार पडायच्या आत दोघांनी गाव सोडावं.

डोंगरापलीकडे चागव्वेच्या भावाचं घर होतं. भावाने गोठ्याशेजारची खोली दिली, पण भावजय ताट बाहेर सरकवून द्यायची. विहिरीवर चागव्वेला सगळ्यांचं भरून झाल्यावर पाणी मिळायचं. ती म्हणायची, "तुमच्या आईच्या हाताखाली राहिलेय मी. हे काहीच नाही."

थोड्याच दिवसांनी एका सकाळी डोंगराकडून नगाऱ्याचे संथ, अंतर ठेवून पडणारे टोले ऐकू आले. गोठ्यातली माणसं हातातलं काम टाकून बूचणाकडे बघू लागली. भाऊदेखील बघत होता. अजून दिवस सगळा पडला होता आणि तिथे लाकडं रचायला वेळ लागणार होता. निघालं तर पोचता आलं असतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

बूचण उठून खोलीत गेला. चागव्वे मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली. तो भिंतीला टेकून, तोंडावर उपरणं घेऊन रडत होता.

"जायचं का?" तिने विचारलं. तिचा आवाज स्थिर होता. तो हो म्हणाला असता तर तीही निघाली असती.

त्याने मान हलवली. नाही.

"मग रडताय कुणासाठी?"

"कळत नाही. तो गेला. मी फार दमलोय गं."

"मग आडवे व्हा."

तिने घोंगडी अंथरली. तो कुशीवर निजला आणि बघता बघता त्याला गाढ झोप लागली. चागव्वे उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी भाऊ येऊन दारात घुटमळला, खाकरला.

"झोपलेत," ती म्हणाली. "उठवू नकोस."