मामांचं येणं-जाणं

परदेशात जाऊन मोडायचंच होतं, तर मामांनी निदान हात मोडायचा. पण माणूस पहिल्यापासून हट्टी, त्यांनी खुबा मोडला. तोही संग्रहालयाच्या जिन्यात, ‘पायरी सांभाळा’ ही पाटी वाचण्याच्या नादात. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. अक्षर दिसलं की डोळा तिकडेच जायचा, मग पाय कुठे का पडेना.

मामा-भाचीची सहल अशी हॉस्पिटलात येऊन थांबली. ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली. भाची दिवसभर उशाशी बसायची, उशा सारख्या करायची आणि बोलणी खायची.

“ठमे, उशी लावतेस की पोतं रचतेस?”

“पोतंच टेकवायचंय ना मामा तिला.”

संध्याकाळी भेटीची वेळ संपली की “येते हं” म्हणून ती खोलीवर जायची.

परतीचं विमान दोन दिवसांवर आलं, तेव्हा नर्सने तिला बाजूला घेतलं. “मामांना एवढ्यात सोडतील असं वाटत नाही. भूल दिल्यावर या वयात कधीकधी डोकं भरकटतं. रोज तुम्ही गेलात की मी विचारते, भाची कुठे आहे? तर म्हणतात, येते. मी म्हणते, अहो, आत्ताच तर गेली! तर माझ्यावरच डोळे वटारतात. असलं अभद्र बोलू नका म्हणतात.”

भाचीने कपाळावर हात मारला. तिथली भाषा मामांना कामापुरती यायची, पण मन सगळं मराठीतच चालायचं. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ तारखाही आठवल्या. तिची रजा संपत आली होती. मामांना नाही सोडलं, तर त्यांना इथे एकटं टाकून जावं लागणार होतं.

“मामा, उद्या डॉक्टर विचारतील. सरळ सांगा, भाची गेली म्हणून.”

“मी नाही म्हणणार.”

“एका शब्दाचा तर प्रश्न आहे हो!”

“एकेका शब्दासाठी मी भल्याभल्या लेखकांशी भांडलोय.”

“घरी जायचंय ना?”

“जायचंय. पण तुला मारून नाही.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी भाचीला मुद्दाम दाराबाहेर पाठवलं आणि विचारलं, “भाची कुठे आहे?”

“येते,” मामा ठासून म्हणाले.

भाची तशीच आत घुसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आणि ‘गेली’ म्हणजे वारली, असंही होतं. डॉक्टरीणबाईंना मोठी गंमत वाटली.

“मग ज्याला परत यायचंच नसतं, तो काय म्हणतो?”

उत्तर मामांनी दिलं, त्या मोडक्यातोडक्या भाषेत.

“तोही तेच म्हणतो. माझी बायको ‘गॅसवर दूध आहे, बघा, मी येते’ म्हणाली आणि भाजीला गेली. दूध मी वेळेवर उतरवलं.”

मग डॉक्टरीणबाईंनी मामांच्या हातावर हात ठेवला. “डोकं अगदी ठिकाणावर आहे तुमचं. उद्या न्या यांना घरी.”

संध्याकाळी नर्स नेहमीप्रमाणे दारात उभी राहिली. भाचीने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. इतकी वर्षं सहज तोंडून निघणारं ‘येते’ आज काही केल्या येईना. मामीची आठवण येऊन तिला रडूच फुटलं.

मामांनी उशीवरून मान उचलली.

“म्हण गं ठमे,” ते म्हणाले. “तू काही तुझ्या मामीसारखी थापाडी नाहीस.”