ओटभरणाची मरळ

"भल्या पहाटं डोहावर जातूस, जाळं टाकतूस, आन माझ्या दारात रिकामा येतूस? माझ्या पोटुशी लेकीच्या तोंडचा घास काढतूस व्हय रं, धुळा?"

शालूबाई ओसरीवरून खाली उतरून मासेवाल्या धुळाला झाडत होती. तिची लेक क्रांती सहा महिन्यांची पोटुशी. जावई जयराज फौजेत, पार सरहद्दीवर, म्हणून दिवस राहिल्यापासून पोर माहेरीच होती. अंगात रक्त कमी, भात बघितला की ओकारी. एक मरळीचा रस्सा तेवढा पोटात टिकायचा. आमच्या कृष्णाकाठी पोटुशीला मरळ म्हणजे औषधच समजतात. शालूबाईनं ते औषध वाट्या भरभरून पाजलं होतं.

धुळानं मान खाली घातली. "वैनी, मासा लय गावतुया. पर तुमच्या घरात न्हाई द्यायचा मला."

"का रं?"

"सांगलीच्या कालिजातली माणसं डोहातलं मासं तपासाय घिऊन गेल्ती. त्यात पारा घावला म्हणं. मरळ बारकं मासं खाऊन जगती, तवा तिच्यात सगळ्यात जादा. पोटुशीनं तर शिवू ने म्हणली. पोटातल्या पोराच्या मेंदूवर जातंय."

 साखर कारखान्याचं मळीचं पाणी सुटलं की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, एवढं आम्हाला ठाऊक. पण धुळा आणायचा ती मरळ जिवंत, तुकतुकीत, टोपलीतून उसळी मारणारी. तिच्यात विष आहे हे कुणाच्या बापाला दिसणार?

पारा आला कुठून ते मात्र सगळ्या गावाला कळत होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेड होतं. शहरातल्या जुन्या ट्यूबलाइटी टेम्पो भरून यायच्या, तिथं फोडायच्या, काच निवडायची आणि उरलेली पाऱ्याची भुकटी ओढ्यात धुवायची. ओढा पुढं डोहाला मिळतो. शेडाची जागा सरपंच आप्पासोची, आणि आप्पासो म्हणजे शालूबाईचा सख्खा थोरला भाऊ. त्यामुळं जो तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

शालूबाई लेकीला घेऊन सांगलीला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मासा आजपासून बंद. बाळाला काय झालं, किती झालं, ते आत्ताच सांगता येत नाही.  येताना एसटीत क्रांती दोन्ही हात पोटावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

तशीच शालूबाई भावाच्या दारात गेली. "दादा, शेड बंद कर."

"शाले, कुणाचं ऐकतीस? इरोधकांचा कावा हाय त्यो. पाणी चकोट हाय. मासाबी चांगला हाय."

"खरं सांग. तुला ठावं न्हवतं?"

"आईची आण! मला कायबी ठावं न्हाई," आप्पासो म्हणाला.

सातव्यात क्रांतीचं ओटभरण निघालं. दारात मांडव पडला. मामा म्हणून आप्पासो हिरवी साडी, नारळ घेऊन आला. बरोबर त्याची सून शिवांजली, तीही पाच महिन्यांची पोटुशी. ओटी भरली, पंगत बसली. बायका पुरणपोळी वाढायला निघाल्या, तोच शालूबाई आतून डोहातल्या मरळीच्या कालवणाचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"अगं बया, ओटभरणाला मासा?" बयाबाई म्हातारी ओरडली.

"माझ्या भावाला आवडतुया," म्हणत शालूबाईनं आप्पासोच्या ताटात भाकरी, दोन तुकडे आणि वर रस्सा वाढला. "खा, दादा. चांगला हाय न्हवं?"

 आप्पासोनं एकवार सगळ्यांकडं बघितलं. मग भाकरी मोडली आणि खाल्लं की हो सगळं! काटे चोखून खाल्ले. वर मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "बघा गड्यांनू. मेलो का मी? उगं बोंब मारत्यात." दोघंचौघं हसलेही. मला तर शालूबाईचीच दया आली. सगळा डाव हिच्यावर उलटला, असं वाटलं.

 शालूबाईनं दुसरी वाटी भरली, शिवांजलीसमोर ठेवली.

"तूबी खा, पोरी. सासरा खातुया, मग तुला कसलं भ्या?"

बिचारीनं पदर सावरला, वाटी उचलली. ती ओठाला लागायच्या आत शालूबाईचा हात वाटी अडवायला पुढं झालाच होता, पण त्याच्याही आधी आप्पासो ताटावरून ओलांडून आला. सुनेचं मनगट त्यानं असं धरलं की बांगड्या फुटल्या. रस्सा त्यानंच आणलेल्या हिरव्या साडीवर सांडला.

"न्हाई! हिला न्हाई!"

बोलला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.  सुनेचं मनगट अजून त्याच्याच मुठीत होतं.

शालूबाईनं ती मूठ बोट बोट करून सोडवली. 

"ह्यो हात माझ्या लेकीच्या वाटीवर का न्हाई आला रं? ह्याच ओसरीवर बसून 'प्वॉटभर खा पोरी' म्हणत व्हतास. आईची आण घेतलीस, आन नातवासाठी तेवढी अक्कल आली? ऊठ. माझ्या मांडवातनं ऊठ."

आप्पासो उठला आणि चप्पल न घालताच गेला. त्याच्या मागं मांडवातल्या बायकाही उठल्या, पण त्या ओढ्याच्या वाटेनं शेडाकडं निघाल्या. सगळ्यात पुढं बयाबाई. दिवस मावळायच्या आत बायकांनी शेडाला कुलूप ठोकलं आणि धुळानं टेम्पोच्या वाटेवर काटेरी बाभळी आणून टाकल्या.

मांडवात क्रांती एकटीच पाटावर बसून होती. शालूबाई शेडावरून परत आली तेव्हा तिनं विचारलं, "आये, शेड बंद झालं. पर माज्या पोटात गेलंय त्याचं काय?"

शालूबाई तिच्याजवळ बसली.  तिनं लेकीच्या पोटावर आपला हात ठेवला.