आजोबांनी कापलेली पट्टी

१८८४ साली डकोटाच्या गवताळ माळावर आजोबांनी पहिलं घर बांधलं तेव्हा आसपास लाकूडच नव्हतं, म्हणून त्यांनी नांगराने मुळांसकट गवताच्या लाद्या कापल्या आणि त्या एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. जिथून लाद्या कापल्या ती पट्टी पुन्हा कधीच भरून आली नाही, आणि नॉर्वेहून आलेल्या त्या माणसाची आम्ही नातवंडं तिलाच आमच्या मालकीची खूण समजत आलो.

त्या मातीच्या घराचं ऐतिहासिक उद्यान करायचं म्हणून सरकारने आमची सगळी जमीन घेतली. माझा धाकटा भाऊ ओस्मुंड सही करून मोकळा झाला. मी केली नाही, पण मला विचारतो कोण!

"१८८४ साली होतं तस्संच करायचंय," उद्यानाचा साहेब गोड हसून म्हणाला. "नंतरचं काही ठेवता येणार नाही."

नंतरचं म्हणजे आमचं राहतं घर आणि सफरचंदाची झाडं. नंतरचं म्हणजे त्या झाडांखाली पुरलेला, तीन वर्षांचा होऊन गेलेला माझा लेइफसुद्धा.

"माझ्या पोराला हात लावलात तर याद राखा."

"छे हो बाई, थडगं राहील की," म्हणत त्याने घड्याळ पाहिलं. त्याचं नरडं धरावंसं वाटलं मला.

घर पाडलं, झाडं तोडली, आम्ही गावात राहायला गेलो. मी मात्र रोज थडग्यापाशी जात होते. एका सकाळी पट्टीच्या कडेला गवत दिसलं. कोवळं नव्हे, कमरेएवढं, तुरे आलेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी आणखी अरुंद झाली होती.

"पट्टीवर हे गवत तुम्ही पेरलंत?" मी साहेबाला विचारलं.

"कुठली पट्टी?" तो म्हणाला. सरकारी माणसाचा कोडगेपणा, दुसरं काय!

त्या रविवारी कॉफी ओतताना मी ओस्मुंडला म्हटलं, "उद्या लेइफचा वाढदिवस. येशील ना?"

"कोणाचा, ताई?"

"लाज नाही वाटत? त्याची शवपेटी तूच उचलली होतीस ना?"

"कसली पेटी?" त्याने विचारलं. सही केल्याची टोचणी आहे, म्हणून सोंग करतोय, असं वाटून मी कप आपटला आणि फावडं घेऊन तशीच माळावर गेले. मुलाला तिथून काढून स्वतःच गावात न्यायचं ठरवलं होतं मी.

पट्टी नव्हती. मातीचं घर नव्हतं. थडग्याच्या जागी मी जीव खाऊन फावडं मारलं, तर ते मुळांच्या जाळ्यावरून उसळून परत आलं. त्या जमिनीला कधी कुणी हात लावलेला नव्हता.

मागून ओस्मुंड आला. त्याने अदबीने टोपी काढली.

"बाई, कुणाला शोधताय तुम्ही?" तो म्हणाला. "इथं अजून कुणी राहायलाच आलेलं नाही."