शिकवलेल्या चाव्या

उत्तमरावांचा फोन आला तेव्हा सरोजबाई वर्तकनगरच्या घरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"सरोज, गाडीची चावी हरवलीय. मी शहाडला आहे."

चावीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्या अडखळल्या शहाडपाशी. सकाळी उत्तमराव निघाले होते डोंबिवलीला, धाकट्या बहिणीकडे. मालूवन्संचं घर त्यांच्या पायाखालचं. डोंबिवलीला निघालेला माणूस कल्याण ओलांडून पार उल्हास नदीच्या पुलापर्यंत कशाला जाईल?

"शहाडला कसे?"

"कसे म्हणजे? आलो. तू चावीवाला बघ आणि ये. विनीतला कळवू नकोस. पुण्यात बसून उपदेश करील."

मुलाला कळवण्यासारखं काही आहे, हे त्यांना तरी का वाटावं? सरोजबाई उठल्या. निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच परडीत गेली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

गाडी जपानहून आलेली, जुनी. उत्तमरावांच्या कंपनीतला जपानी साहेब मायदेशी परतताना ती त्यांना विकून गेला होता. ही गाडी इकडे कधी विकायलाच आली नव्हती, त्यामुळे तिची चावी कुठल्या शोरूममध्ये मिळायची सोय नव्हती. सोबत आलेल्या दोन चाव्यांपैकी एक गेल्या वर्षी गणपतीत गावी हरवली. आज दुसरी. टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने कल्याणच्या प्रणितचा नंबर दिला. बाहेरच्या गाड्यांचं काम तो करतो म्हणे.

गाडी पुलाच्या अलीकडे, उतारावर, नदीकडे तोंड करून उभी होती. पुढचं चाक रस्ता सोडून गवतात गेलेलं. उत्तमराव इस्त्रीच्या शर्टात चहाच्या टपरीशी बसले होते. चेहऱ्यावर नुसता वैताग. सरोजबाईंना जरा हायसं वाटलं. मग टपरीवाल्या सखुबाईने कपबशा विसळता विसळता हळूच सांगितलं, "आजोबा सकाळधरनं हितंच हायती. डोंबिवली कुठं आली म्हणून दोनदा इचारलं मला."

ऑक्टोबरच्या भर उन्हात सरोजबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

प्रणित आला, तिशीतला, बोलका. कुलपावरून माप काढून त्याने व्हॅनमधल्या मशीनवर चावी कापली, दार उघडलं आणि स्टिअरिंगखाली एक वायर जोडून हातातल्या स्क्रीनवर बघत राहिला.

"काका, गाडीला चार चाव्या शिकवलेल्या दिसतायत."

"चार कशा? दोनच होत्या."

"मशीन चार सांगतंय. चावीच्या डोक्यात चिप असते, तिची गाडीला ओळख करून द्यावी लागते. ओळख नसेल तर दार उघडेल, पण इंजिन चालू राहणार नाय. आणि ओळख द्यायची तर गाडी समोर पायजे. कोणीतरी गाडीत बसून दोन वाढवल्यात."

आपल्या खिडकीखाली उभ्या असलेल्या गाडीत परका माणूस बसून गेला. दार न फोडता. आवाज न करता.

"गुणाजी!" उत्तमराव ताडकन उठले. "दर रविवारी गाडी धुवायला चावी मागून नेतो. त्याचेच धंदे. आत्ता सेक्रेटरीला फोन करतो, संध्याकाळपर्यंत पोलिसांत उभा करतो त्याला!"

गुणाजी म्हणजे सोसायटीचा वॉचमन, बाळकुमचा कोळी. खाडीची कोळंबी स्वस्त मिळाली की आधी सरोजबाईंना वर्दी देणारा.

"काका, चोर चावी बनवतो आणि गाडी ठेवून जातो?" प्रणित हसला. "असला चोर मला पण द्या एक."

उत्तमराव हसले नाहीत. ते चष्मा वर करून फोनमध्ये नंबर शोधू लागले, आणि त्याच वेळी सरोजबाईंना देवघराचा खण आठवला.

दसऱ्याआधी देव घासायला काढले तेव्हा खणात कापूर आणि वातींच्या मागे दोन चाव्या सापडल्या होत्या. काळ्या, जाड डोक्याच्या. दोन्हींवर हळदकुंकू वाळलेलं. विनीतच्या जुन्या स्कूटरच्या असतील, म्हणून त्यांनी त्या परत ठेवून दिल्या होत्या. या घरात नवी वस्तू आधी देवापुढे जाते. हळदकुंकू लावून तिथे ठेवणारा माणूस एकच, आणि तो आत्ता समोर उभा राहून एका निरपराध माणसावर पोलीस घालायला निघाला होता.

चावी हरवली असं वाटून त्यांनी गुपचूप नवी करून घेतली असेल, देवापुढे ठेवली असेल. आणि विसरले असतील. मग पुन्हा एकदा, तसंच.

चोर असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"अहो, फोन ठेवा," त्या म्हणाल्या. "पुरावा नाही काही नाही. उद्या आपणच तोंडावर पडू. घरी गेल्यावर बघू."

"घरी गेल्यावर काय बघणार?"

"गुणाजीला मी विचारते. माझ्याशी खोटं नाही बोलायचा तो."

उत्तमरावांनी कुरकुरत फोन खिशात टाकला.

"जुन्या ठेवू की पुसून टाकू?" प्रणितने विचारलं.

"पूस! सगळ्या पूस," उत्तमराव गरजले. "ही एकच ठेव."

काम होईपर्यंत सरोजबाई गवतात गेलेल्या चाकाकडे आणि त्याच्यापुढच्या उताराकडे बघत होत्या. इंजिन सुरू झालं तसा उत्तमरावांनी दाराला हात घातला. सरोजबाईंनी प्रणितकडे पाहिलं. काय पाहिलं त्याने त्यांच्या तोंडावर, कोण जाणे.

"थांबा काका. नवीन चावी आहे, ट्रायल मीच घेतो. व्हॅन राहू दे इथेच, ठाण्यापर्यंत सोडतो तुम्हाला."

"माझी गाडी मला चालवता येते."

"तुम्हाला येते हो. पण मध्येच बंद पडली तर शिव्या मला पडतील."

घरी आल्यावर उत्तमरावांनी हातपाय धुतले, नव्या चावीला हळद लावली, कुंकू लावलं, ती देवापुढे ठेवून हात जोडले. एकही गोष्ट चुकली नाही. सरोजबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

ते आडवे झाल्यावर त्यांनी खण उघडला. दोन्ही चाव्या तिथेच होत्या. गाडी आता त्यांना ओळखणार नव्हती. त्यातली एक पुसून, ताजं कुंकू लावून त्यांनी देवापुढे ठेवली आणि नवी चावी साडीच्या घडीत सरकवली. परमेश्वरापुढे आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असली लबाडी केली. उत्तमराव बदललेली चावी ओळखतील का, याची भीती होती. आणि नाहीच ओळखली तर, याची जास्त.

सकाळी उत्तमराव देवापुढची चावी उचलून खाली गेले. सरोजबाई गॅलरीचा कठडा धरून उभ्या राहिल्या. दार उघडल्याचा आवाज आला. इंजिन गुरगुरलं आणि विझलं. पुन्हा गुरगुरलं, पुन्हा विझलं. फाटकाशी गुणाजी मान वर करून बघत होता. त्यांनी त्याला हातानेच, जाऊ दे, अशी खूण केली.

उत्तमराव जिना चढून वर आले. चेहरा शांत होता. चावी त्यांनी टेबलावर ठेवली.

"चावीत काहीतरी बिघाड दिसतोय, सरोज. दुसरी करून घ्यायला हवी." खुर्चीत बसून ते क्षणभर विचारात पडले. "पण चावीवाला शोधायचा कुठे? आपल्याला कधी लागलाच नाही ना."