सूर्यावरचा डाग

सूर्य सरकला, पण डाग जागचा हलला नाही. ग्रहणसरांनी दुर्बीण पुन्हा जराशी ढकलली. पांढऱ्या कागदावर पडलेलं सूर्याचं बिंब बाजूला गेलं, डाग मात्र होता तिथेच. त्यांनी दुर्बिणीचं मागचं भिंग काढून उन्हात धरलं. त्यावर माशीची घाण वाळून चिकटली होती. सरांचं तोंड कडू झालं.

ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्र शिकवत. ते वर्गात शिरले की उजेड कमी होतो म्हणून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि आतून त्यांना ते आवडतही असे. प्रात्यक्षिक तसं सोपं. दहा दिवस गच्चीवर जायचं, दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडायचा आणि त्यावरचे डाग गिरवायचे. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग रोज थोडे पुढे गेलेले दिसतात. अख्ख्या वर्गाच्या चित्रांत ते शहाण्या मुलांसारखे पुढे गेले होते. एकाच मुलीने दहाही दिवस एकच डाग एकाच जागी काढला होता. सरांनी तिला नापास केलं आणि लाल शाईने शेरा मारला, 'न बघता काढले आहे.' प्रात्यक्षिकात नापास होणाऱ्याला पुढच्या वर्षी हा विषय मिळत नसे, आणि तिला तोच हवा होता. सकाळी ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही एकदा बघून या ना."

सरांनी भिंग पुसून परत बसवलं. आता कागदावर नुसता लख्ख सूर्य, डागाचं नाव नाही. सूर्याचं असंच असतं. काही वर्षं तो डागांनी भरलेला असतो, काही वर्षं आठवडेच्या आठवडे कोरा. हे वर्ष कोरं होतं.

खाली येऊन त्यांनी बाकीच्यांची चित्रं पुन्हा पुढ्यात घेतली. सगळ्यांच्या सूर्यावर तेच पाच डाग, त्याच ओळीत, पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उचललेले. ते पान सर कित्येक वर्षं शिकवत आले होते, तरी 'उत्तम' लिहिताना त्यांचा हात कुठे अडला नव्हता. त्यांना किळस आली, आधी मुलांची आणि मग स्वतःची. त्या दहा दिवसांत ते एकदाही गच्चीवर फिरकले नव्हते. ऊन बाधतं म्हणून खाली पंख्याखाली पेपर वाचत बसले होते.

विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो सर, सूर्य काय तक्रार घेऊन येणार आहे? त्या मुलीलाही पास करून टाका, मिटलं."

सर म्हणाले, बाकीच्यांनी शुद्ध चोरी केली आहे, त्यांना सगळं पुन्हा करायला लावू. प्रमुखांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "आणि तेव्हा तुम्ही कुठे होता, असं कुणी विचारलं तर?"

सर गप्प बसले. आपल्या गप्प बसण्याची त्यांना शिसारी आली, तरी ते गप्पच बसले.

दुपारी त्यांनी मुलीला बोलावून माशीची हकिकत सांगितली. तुला पूर्ण मार्क दिलेत, असंही सांगितलं.

"आणि बाकीच्यांना?" तिने विचारलं.

"त्यांचे आहेत तसेच राहतील."

तिने मान हलवली. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी हा विषय घेशील ना, असं त्यांनी जरा अजिजीनेच विचारलं. ती म्हणाली, नाही, सकाळीच दुसऱ्या विषयाला नाव देऊन आले. मग टेबलाकडे बघत तिने विचारलं, "माझी चित्रं परत मिळतील का, सर?"

"मिळतील की. जपून ठेवणार?"

"नाही. मागची बाजू कोरी आहे, गणितं सोडवायला होतील."

सरांनी दहा सूर्य एकावर एक नीट लावले आणि तिच्या हातात दिले.