डावा कोपरा

"सगळं बरोबर आहे," असं चांगदेव तिसऱ्यांदा म्हणाला आणि यंत्राच्या हाताने तिसऱ्यांदा औषधाचा थेंब खळगीबाहेर टाकला.

मानपाड्याच्या त्या औषध-संशोधन प्रयोगशाळेत हे यंत्र त्यानेच बनवून बसवलं होतं. एका ट्रेमध्ये शहाण्णव खळग्या, प्रत्येकीत एक थेंब. नऊ वर्षं एक तक्रार नाही. सोमवारपासून मात्र यंत्राचं डोकं फिरलं होतं आणि त्यापायी चांगदेवचंही. मोटर बदलली, बेल्ट बदलला, प्रोग्राम पुन्हा भरला. नाचता येईना अंगण वाकडं, तसा विजेच्या दाबालाही दोष देऊन झाला.

"सर, आज चालू नाही झालं तर नवीन मशीन येणार हां," प्रयोगशाळेच्या प्रमुख सोनल मॅडम म्हणाल्या. "वरून मेल आलाय."

"अहो, काहीच बदललेलं नाहीये! मलाच कळेना झालंय."

बदललं होतं एकच. ट्रे लावणाऱ्या मंजुळामावशी शनिवारी रिटायर झाल्या होत्या. पण त्यांचा यंत्राशी काय संबंध? तरी त्याने कल्याणला त्यांच्या घरी फोन लावला. बुडत्याला काडीचा आधार.

"जय भीम, मावशी. ट्रे कसा ठेवायचात तुम्ही?"

"रागावणार नाय ना सर? डावा कोपरा अंगठ्याने दाबून धरायची. तिथे उचलतो तो जरा. पहिल्या दिवसापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"मशीनला हात लावायचा नाय, तुम्हीच बजावलेलं. म्हटलं, नोकरी जाईल."

त्याने कोपरा दाबून धरला. शहाण्णवच्या शहाण्णव थेंब बरोबर पडले. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला शरम वाटली. मावशी नऊ वर्षं आपल्याला घाबरत होत्या याची जास्त.

"झालं ना!" सोनल मॅडम खूश झाल्या. "रिपोर्टात बेल्ट खराब होता असं लिहा आणि सही करा. डिझाइनची चूक लिहिलीत तर मशीनही काढतील आणि तुम्हालाही."

हे त्यालाही कळत होतं. पण नऊ वर्षं यंत्र खरं कोणी चालवलं, हेही आता कळत होतं. बराच वेळ पेन हातात धरून तो बसला आणि मग लिहू लागला. 'ट्रेची बैठक पहिल्यापासून सदोष. चूक माझी. आजवर काम नीट झालं ते श्रीमती मंजुळा'

पेन थांबलं.

"मॅडम, मावशींचं आडनाव काय?"

सोनल मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

चांगदेवने पुन्हा कल्याणला फोन लावला.